मिस्त्रींचा कान

मिस्त्रींचा डावा हात मी आयुष्यात चार-पाच वेळाच पाहिला असेल. तो कायम पायजम्याच्या खिशात. लग्नात खिशात, मयतीला खिशात, बँकेच्या रांगेत खिशात. डाव्या बाजूला कोपरापर्यंत हात जाईल असा खोल खिसा ते शिंप्याकडून सांगून शिवून घ्यायचे. उजवीकडे खिसाच नसायचा, कारण "त्याचं काय काम?" नव्या माणसाला वाटायचं, काय ही घमेंड! एकदा मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यानं वाकून दोन्ही हात जोडले, तर ह्यांनी उजवा तेवढा छातीला लावला आणि म्हणाले, "रामराम. दुसरा ड्युटीवर हाय."

कारण विचारलं की मात्र समजावून सांगायचे. ते जुने रेडिओ आणि भोंग्याची मशीनं दुरुस्त करायचे. काचेच्या वॉल्ववाल्या मशीनमध्ये बटण बंद केलं तरी करंट साठून राहतो. एका हाताला झटका बसला तर हात झटकला जातो. दोन्ही हात आत असले तर करंट ह्या हातातून शिरून त्या हातानं निघतो आणि वाटेत काळीज लागतं. तरुणपणी त्यांना एकदा तसा झटका बसला होता. शुद्धीवर आले तेव्हा त्यांची बायको, आमच्या काकू, डोक्यावर पाणी ओतत होत्या आणि तोंडानं शिव्या देत होत्या. त्या दिवसापासून डावा हात खिशात गेला तो गेलाच. "अहो पण जेवताना तरी काढा," काकू म्हणायच्या. "जेवताना डावा लागतो का?" हे ह्यांचं उत्तर. ह्याच्यावर कोण काय बोलणार!

त्यांचं नाव लिहीत नाही. तसंही ते कुणी घेत नव्हतं. काकूसुद्धा त्यांना "अहो मिस्त्री" म्हणायच्या. मी काका म्हणायची आणि ते मला बाई म्हणायचे.

दुकान जालन्यात मस्तगडला, पिठाच्या गिरणीला चिकटून, मागं घर. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं पायरीवरून बोलायचं, एवढंच. पाटी नाही. "ज्याचं बिघडलंय त्याला पत्ता घावतो," म्हणायचे. गिरणी सुरू झाली की फळीवरचे सगळे रेडिओ थरथरायचे आणि प्रत्येकावर पिठाचा पातळ थर. तो फुंकून काढायचा मान फक्त त्यांचा. दुसऱ्या कुणी फुंकर मारली की म्हणायचे, "थुकू नको त्याच्यात."

दुकानात आलेला सेट पहिल्या दिवशी उघडायचा नाही, हा कायदा होता. रेडिओ असो, भोंग्याचं मशीन असो, त्यांच्या भाषेत सगळे सेटच. कोपऱ्यात पोत्यावर ठेवायचा आणि विसरायचं. "पाहुणा दमून आलाय. आल्या आल्या त्याचं पोट फाडता का?" खरं कारण तेच, आतला करंट आपोआप उतरू द्यायचा. पण ते असं सांगायचे की गिऱ्हाईक ओशाळं व्हायचं. एकदा देवळाची चार माणसं मशीन घेऊन आली. उद्या सप्ताह बसणार, आणि मशीन मुकं. पाया पडायचे तेवढे बाकी होते. हे ढिम्म. "उद्या सप्ताह हाय तर आज काहून बिघडवला?" शेवटी घरातलं स्वतःचं मशीन काढून त्यांना दिलं, पण पाहुण्याला हात लावला नाही. मला त्यांचा अशा वेळी भयंकर राग यायचा. इतका हट्ट माणसाला बरा नव्हे.

आणि कान! जालन्यात मिस्त्रींची इज्जत होती ती ह्या कानामुळं. टेंभुर्णीकडचं धनगराचं घर त्यांचं. लहानपणी मेंढरांमागं हिंडलेले. अंधारात मेंढरू खोकलं तरी कोणतं ते सांगायचो, असं म्हणायचे. मला आधी बाता वाटायच्या. मग पाहिलं, एक माणूस पायरीवर उभा राहून मोबाइलवर स्वतःच्या मशीनचा आवाज ऐकवतोय आणि हे आतून, मान वर न करता, "तिसरा दिवा गेला. अन् तुझ्या घरचं अर्थिंग बी बराबर न्हाई." वॉल्वला ते दिवा म्हणायचे. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. लोक लांबून मशीनं घेऊन यायचे ती दुरुस्तीसाठी कमी आणि निदानासाठी जास्त. "मिस्त्रीनं ऐकलंय का?" हा मस्तगडात शेवटचा प्रश्न असायचा.

ऐकायची त्यांची पद्धतही अशीच. तोंड भिंतीकडं करायचं. "डोळे लई लबाड असत्यात, बाई. चकाकलं की म्हणत्यात, वा, काय आवाज! भिताडाकडं तोंड कर अन् मंग सांग." त्यांनी मला पहिल्याच भेटीत भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मी बावीस वर्षांची, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारी जालन्यातली एकुलती एक मुलगी, स्वतःला फार समजायची. माझा छोटा काळा चकचकीत अँप्लीफायर खरखरतोय म्हणून घेऊन गेले होते. त्यांनी तो ऐकला, आणि विचारलं, "हे वाजून राह्यलं का कण्हून राह्यलं?" मग मला भिंतीकडं वळवलं, मागं काहीतरी खुडबुड केली, माझीच गिटार कशीबशी छेडली, आणि मी जागच्या जागी गार झाले. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. उबदार, थोडा घोगरा, आणि तार हळू छेडली तर हळू बोलणारा, जोरात छेडली तर भांडायला उठणारा. वळून पाहिलं तर एक पोपडे उडालेलं तपकिरी खोकं. समोरच्या जाळीला ठिगळ, हँडलच्या जागी चपला शिवणाऱ्याकडून शिवून आणलेला चामड्याचा पट्टा. वळून पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, इतकं ते ध्यान होतं.

त्या सेटची कथा ते दर पाहुण्याला सांगायचे. मिशनच्या एका जुन्या बंगल्याची अडगळ निघाली, तिच्यात हा निघाला. विलायती, गिटारसाठीच बनवलेला, एकशे दहा व्होल्टवर चालणारा. ज्यानं तो आधी विकत घेतला त्या शहाण्यानं थेट आपल्या दोनशे तीसच्या प्लगात खुपसला. धूर निघाला, खेळ खलास. मिस्त्रींनी तो भंगारवाल्याच्या गाड्यावरून उचलून आणला. जळालेला ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळून घेतला तो कुठं, तर विहिरीच्या मोटारी भरणाऱ्याकडं. शेजारी बसून, वेढे स्वतः मोजत. दिवे आणले बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या मशीनमधून. आतल्या स्पीकरचा फाटलेला कागद चिकटवला पतंगाच्या कागदानं आणि डिंकानं. कित्येक वर्षं लागली. "विलायती त्याच्यात आता काय राह्यलं? पेटी अन् नाव," स्वतःच सांगायचे, आणि सांगताना छाती अशी फुगायची की विचारू नका.

तो सेट ते कुणाला देत नसत. मला द्यायला लागले. अट एक, सेटबरोबर ते स्वतः येणार. झालं! आमच्या ऑर्केस्ट्रात गायक दोन, ढोलकीवाला एक, मी, आणि सेटच्या मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मिस्त्री. डावा हात खिशात, उजवा सेटच्या डोक्यावर. व्होल्टेज वरखाली झालं की त्यांच्या तळहाताला आधी कळायचं आणि ते मागचं एक बटण गपकन फिरवायचे. ते बटण त्यांनीच बसवलेलं, आपल्याकडच्या विजेच्या लहरी सांभाळायला. तेवढं फिरवलं नाही तर सेट रुसायचा.

शहागडच्या लग्नात तर कमालच झाली. हायवेला लागून लॉन, जनरेटरवर सगळा कारभार. मुलीच्या मामांनी पाहिलं, एक वयस्कर गृहस्थ मंचावर शांत बसलेत, काहीच वाजवत नाहीत, तोऱ्यात एक हात खिशात. म्हणजे नक्की वरपक्षाकडचे कोणीतरी बडे पाहुणे. मामांनी माइकवर पुकारा केला आणि दोघांनी काखेत धरून मिस्त्रींना पुढं नेलं. टॉवेल, टोपी, नारळ, वर फेटा. हे "अहो, अहो" म्हणतायत, पण फेटा बांधणारा कुणाचं ऐकतो? मिस्त्रींचा हात सेटवरून उठला, तिकडं जनरेटरनं ठसका दिला, आणि ऐन गाण्याच्या मध्यात माझी गिटार गप्प. तेवढ्यात पाहते तर मिस्त्री, अर्धा फेटा डोक्यावर, अर्धा मागं लोंबतोय, नारळ काखेत, पळत येतायत. बटण फिरवलं, दोन थापट्या मारल्या, सेट बोलायला लागला. टाळ्या त्यांनाच पडल्या. मामा शेवटपर्यंत त्यांना वराचे आजोबा समजत होते आणि त्यांनीही गैरसमज दूर केला नाही, कारण मग पंगतीत आग्रह झाला नसता.

आम्ही खूप हसलो त्या दिवशी. पण परतताना गाडीत माझ्या डोक्यात एक किडा शिरला तो शिरलाच. हा सेट ह्यांच्याशिवाय एक गाणं पुरं करत नाही.

पुढं मला पुण्याला काम लागलं. संगीत शिकवणाऱ्या एका संस्थेत नोकरी आणि बाहेर कार्यक्रम. आईनं डोळ्याला पदर लावला, वडील म्हणाले, जा बाई, इथं काय वरातीत वाजवत म्हातारी होणार? आता स्वतःचा अँप्लीफायर लागणार होता. मिस्त्रींनी तर केव्हाच सांगून टाकलं होतं, "हा सेट तुझा. खर्च्याची गोष्ट काढू नको," आणि सेट आमच्या घरी आणूनही ठेवला होता. दुसरीकडं आमचा ऑर्केस्ट्राचा मालक. स्पीकर, लाइट, सगळं भाड्यानं देणारा, जगात काय नवं आलंय ह्याची खडान्‌खडा माहिती ठेवणारा माणूस. तो म्हणाला, "ताई, वेडी झाली का? त्याच कंपनीनं तोच मॉडेल परत काढलाय. तसंच कापड, तसंच हँडल, तसेच वॉल्व. रीइश्यू म्हणत्यात त्याला. म्हंजे तोच, पण नवा."

मिस्त्री ऐकत होते. "तोच हाय तर नवा कसा? अन् नवा हाय तर तोच कसा?"

"मिस्त्री, तुमच्यावाल्याला विंटेज म्हणत्यात."

"विंटेज म्हंजे?"

"म्हंजे जुनं, पण भाव असलेलं."

"मंग मी बी विंटेज का?"

आतून काकूंचा आवाज आला, "तुम्हाला भाव कुठंय?"

मी रात्रंदिवस मोबाइलवर तेच वाचत होते. जुना बरा का नवा बरा, ह्यावर जगभरची माणसं इतकी कडाकडा भांडत होती की भाऊबंदकीतली भांडणं परवडली. एक म्हणतो, जुन्या लाकडाची सर नाही. दुसरा म्हणतो, जुनं घेऊन कार्यक्रमाच्या दिवशी रडत बसा. मला दोघांचंही पटायचं. मालकानं संभाजीनगरहून नवा सेट चार दिवस वाजवून बघायला आणला. वाजवला. चांगला होता, मेला! जुन्याइतका घोगरा नाही, थोडा सभ्य, पण छेडलं की उत्तर देणारा. वजनाला हलका. गॅरंटी, कागदपत्रं, पुण्यात दुरुस्तीची सोय. आणि कुणी तळहात ठेवून मागं बसायची गरज नाही.

जुन्याची पुण्यात काय सोय होईल ते बघायला मी मिस्त्रींना न सांगता त्याच्या पोटाचे फोटो काढले आणि पुण्याच्या एका कारागिराला पाठवले. त्याचा लगेच फोन. "ताई, हे कोणी केलंय?" म्हटलं, आमच्याकडचे एक मिस्त्री. त्यानं फोटो परत एकदा बघितले. मग म्हणाला, "फार भारी केलंय. पण कंपनीच्या मूळ सर्किटच्या नकाशातलं ह्यात काहीच नाही. मी हात नाही लावणार. नकाशा तरी आणा, नाहीतर त्यांनाच घेऊन या."

मग मी मिस्त्रींना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, ह्याचा नकाशा काढून द्याल का? आठवण म्हणून." सहज कसलं! त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि एका जुन्या लग्नपत्रिकेची मागची बाजू काढली. दोन दिवस बसले. पेन्सिल धरायचे, चार रेघा ओढायचे, खोडायचे. तिसऱ्या दिवशी पत्रिका माझ्यापुढं सरकवली. रेघा वाकड्यातिकड्या, मध्येच तुटलेल्या. पेन्सिल धरलेला हात थरथरत होता हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. इतके दिवस मी सेटकडंच बघत होते. "कागदावर उतरत न्हाई, बाई," ते म्हणाले. "आत हात घातला की बराबर सुचतंय. बाहेर काढला की गेलं."

मी पत्रिका पिशवीत ठेवली आणि घरी येऊन रडले. कारण प्रश्न जुना का नवा हा नव्हताच. प्रश्न हा होता की काका, तुमच्यानंतर ह्याला कोण बघणार? आणि हे त्यांच्या तोंडावर विचारायची माझी छाती नव्हती. नवा घेतला तर त्यांची सगळी मेहनत मी नको म्हटल्यासारखं होणार, तेही अख्ख्या मस्तगडासमोर. जुना घेतला तर पुण्यात पहिल्याच महिन्यात मी तोंडावर पडणार आणि नोकरीचं काय ते देव जाणे. आठ दिवस मी दुकानाकडं फिरकलेच नाही. मालकाचा फोनावर फोन, सेट परत करायचाय, काय ते बोल.

नवव्या दिवशी मिस्त्रींनीच निरोप पाठवला. ये, आणि दोन्ही सेट आण म्हणावं. गेले तर दुकानाच्या पायरीवर ही गर्दी. गिरणीवाला आलेला, मालक आलेला, चहावाला, दळण घेऊन आलेल्या दोन बायका, काकू आतल्या दारात. मिस्त्रींनी काकूंची चादर दोन खिळ्यांना बांधून पडदा केला होता. "दोन्ही सेट पडद्यामागं ठेव. चालू करून ठेव. मंग एकेक वाजव. आज भिताडाकडं तोंड मी करतो. मी बोट दाखवीन तो सेट पुण्याला जाईल. मागं फिरायचं न्हाई. बोल, कबूल?"

मालक म्हणाला, "कबूल! पण मिस्त्री, कान धोका देईल हां."

"बघू ना, जल्दी काय हाय?"

मी मान हलवली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. ते आपला सेट ओळखणार, त्यालाच बोट दाखवणार, आणि मी तो घेऊन जाईन, पुढचं पुढं. माझा भित्रेपणाच तो. निर्णय म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात घालून मी मोकळी.

गिरणी बंद केली गेली. मिस्त्री स्टुलावर भिंतीकडं तोंड करून बसले. मी पडद्यामागं जाऊन आधी जुन्यात वायर घातली आणि एक साधी धून वाजवली, लग्नात नवरी मंडपात येताना वाजवायची ती. मग वायर काढून नव्यात घातली, तीच धून. "परत," ते म्हणाले. परत वाजवली. "अजून एक डाव." वाजवली. दळणवाल्या बाईनं खाकरून घेतलं. मग ते म्हणाले, "दुसरा. दुसऱ्याचा आवाज लई साफ. माझा सेट बिलकुल असाच बोलतो."

मालकानं चादर ओढली. वायर नव्यात! आणि मग जे हसू फुटलं! गिरणीवाला मांडी थापटत होता. मालक तर नाचायचाच बाकी. "मिस्त्री, गेले की कान! स्वतःचं लेकरू वळखू आलं न्हाई!" मिस्त्री वळले, नव्या सेटकडं पाहिलं, आणि तेही हसले. "गेले म्हणायचे," म्हणाले. "वय झालं."

काकू मात्र हसल्या नाहीत. त्या आत निघून गेल्या.

ही बातमी गावात पोचायला संध्याकाळही लागली नाही. दुसऱ्या दिवशी चहावाला त्यांना ग्लास देताना म्हणतो, "मिस्त्री, बघा बरं, आजचा चहा का कालचा?" तिसऱ्या दिवशी देवळाची माणसं पुन्हा दुरुस्तीला टाकलेलं आपलं मशीन पोत्यावरून उचलून घेऊन गेली. तोंडावर काही बोलली नाहीत, दुसरीकडं दाखवतो म्हणाली. त्यांनी हे असं करावं ना! ज्या माणसानं स्वतःचं मशीन काढून दिलं होतं त्याच्याशी. हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठले आणि दुकानात गेले.

मिस्त्री एक रेडिओ घेऊन बसले होते. पायरीवर उभी राहूनच मी विचारलं, "काका, तुम्हाला ओळखू आला होता ना?"

"काय?"

"उगं वेड पांघरू नका. तुमचा सेट. पहिल्या सुराला ओळखलात तुम्ही."

"सूर कशाला लागतो? तू वायर खुपसली तव्हाच कळलं." डोकं रेडिओतच. "बस. चहा घे."

"मग खोटं काहून बोललात? सगळं गाव हसून राह्यलंय तुम्हाला!"

"हसू दे. फुरसतीची माणसं हायती." मग मान वर केली. "तुला म्हणता आलं असतं का, काका, मला नवा पाह्यजे? न्हाई. माझ्या तोंडाकडं बघून जुना उचलला असता तू. म्हून म्हटलं, मीच तोंड फिरवतो. अन् नवा बी चांगला हाय, बाई. ते काही खोटं न्हाई."

मला इतका राग आला, इतका राग आला की रडूच फुटलं. म्हटलं, "मला नाही न्यायचा तुमचा नवा. मी जुनाच नेणार. चौकात उभी राहून सांगते सगळ्यांना की मिस्त्री खोटं बोलले. बिघडला तर बिघडला. महिन्याच्या महिन्याला गाडीत घालून तुमच्याकडं आणीन. पुण्याहून आणीन!"

मिस्त्रींनी हातातलं सगळं खाली ठेवलं.

"मंग मला मरू बी देणार न्हाईस का, बाई, तू?"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तोंडाला काही हाड? सांज व्हायला आली, काय बोलता!" ते हसायला लागले. मीही रडता रडता हसले. त्यांनी काकूंना चहा ठेवायला सांगितला, आलं जास्त घाल म्हणाले, आणि चहा होईपर्यंत नवा सेट पुण्याला नेताना गाडीत कसा ठेवायचा ते मला तीनदा समजावून सांगितलं.

मी नवा नेला.

पुण्यातून दर रविवारी फोन करायचे. फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, "बिघडला का?" मी म्हणायची, नाही काका. "बराबर," म्हणायचे आणि फोन काकूंकडं द्यायचे. दिवाळीला गेले की जायचे दुकानात, पण पाहुण्यासारखी, घाईघाईत, कारण घरी सतरा कामं आणि परतीचं तिकीट काढलेलं. वाटायचं, निवांत येऊ कधीतरी, काही कारण काढून. तीन वर्षं तो सेट मी कुठं कुठं नेला. पावसात भिजवला, जिन्यावरून आपटला, कॉलेजातल्या पोरांच्या हातात दिला. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मिस्त्री गेले. काकूंचा फोन आला तेव्हा मी कार्यक्रमात होते आणि सेट माझ्या मागं ठणठणीत वाजत होता.

आजही वाजतो. मेल्यानं एकदा तरी बिघडायचं होतं.